गोळीवरची सून

इनोबत निवांत बसलेली मी क्वचितच पाहिली. शराफतच्या घरी सून म्हणून आली तेव्हापासून पोरीच्या पायाला भिंगरी. पहिल्या वर्षी ती आजाराने पळायची आणि दुसऱ्या वर्षी औषधाने, पण आमच्या महल्ल्यातल्या बायकांना त्यातला फरक कळेल तर शपथ.

मी इथल्या दवाखान्याची नर्स. दारोदार फिरायचं, बाळांची वजनं घ्यायची, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायचा आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. शराफत शाळेत माझ्या वर्गातली. तिची जीभ तिखट आहे आणि माझीही काही गोड नाही, त्यामुळे आमचं भांडण आणि मैत्री एकाच दारातून ये-जा करतात.

इनोबतचं पोट बिघडलं ते लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. आमच्याकडे संडास अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्याही पलीकडे. पाहुण्यांना चहा देता देता पोरगी किटली टेकवायची आणि धूम ठोकायची. मग पाहुणे येणार असले की दिवसभर काही खायचीच नाही, म्हणजे जावं लागणार नाही. शौचातून रक्त पडत होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. नवी सून, सासूला हे कुठल्या तोंडाने सांगणार? तंदूरपाशी भोवळ येऊन पडली तेव्हा मला बोलावणं आलं.

हगवण म्हणून तिला साथीच्या रोगांच्या वॉर्डात टाकलं. जंतू सापडला नाही, तरी जंतूंचीच औषधं दिली आणि घरी धाडलं. महिन्याभरात पुन्हा तेच. एव्हाना घरात तिचा पेला वेगळा झाला होता. नवरा आबिद रशियात बांधकामावर, तो फोनवर म्हणायचा, ओयी म्हणेल तसं करा. आणि ओयी, म्हणजे आई, आमची शराफत, म्हणायला लागली होती की काही दिवस माहेरी राहू दे, बरी झाली की आणू. अशी माहेरी गेलेली सून आमच्या गावात कुणी परत आणलेली मला तरी आठवत नाही. मागून तिची लग्नातली पेटी जाते, एवढंच.

माझं डोकं फिरलं. मी तिला उचलून शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर सोबिरोव यांच्याकडे नेलं. त्यांनी आधी शौच तपासून जंतू नाही ना याची खात्री केली, छातीचा फोटो काढला, मग नळी घालून आत पाहिलं. मोठं आतडं सुजलेलं, आतून व्रणच व्रण. म्हणाले, हा संसर्ग नाही, कुणाला लागत नाही, पण जन्माचा सोबती आहे. पांढरी गोळी सूज उतरवेल. ती सकाळी घ्यायची, दर आठवड्याला कमी करत न्यायची आणि दोन-तीन महिन्यांत बंद करायची. पिवळी गोळी मात्र कितीही बरं वाटलं तरी वर्षानुवर्षं चालू ठेवायची. तिच्याकडून त्यांनी हे तोंडपाठ म्हणवून घेतलं.

पांढऱ्या गोळीने जादू केली. रक्त थांबलं, भूक अशी लागली की पोरगी उभ्या उभ्या अर्धी भाकर संपवायची. बसलेले गाल भरून आले, चेहरा गरगरीत झाला. झोप मात्र उडाली. त्या गोळीने ती उडतेच, माणसाला स्वस्थ बसवत नाही. पण घरात ते कुणाला आजारासारखं वाटणार? सासू उठायच्या आत अंगण झाडलेलं, गाय दोहलेली, कणीक मळलेली. जेवणं झाली की ही पुन्हा झाडू घेऊन उभी.

त्यात मे महिना आला, रेशमाच्या किड्यांचा. घरातली मोठी खोली किड्यांना द्यायची आणि माणसांनी ओसरीवर झोपायचं, ही आमची रीत. शेवटच्या आठवड्यात ते किडे अहोरात्र खातात. तुतीच्या फांद्या तोडून आणायच्या, पसरायच्या, पुन्हा आणायच्या. घरोघरी माणसं पेंगून भिंतीला टेकलेली असतात. शराफतच्या घरी मात्र इनोबत एकटीच पळत होती, आणि तिचा डोळा लागत नव्हता. त्या वर्षी त्यांच्या कोषांसारखे कोष गावात कुणाचे नव्हते. शराफत प्रत्येक समारंभात सुनेचं कौतुक सांगत सुटली. पलीकडच्या होलिदाने तर मला वाटेत गाठून विचारलं, ती गोळी कुठली गं, माझीही सून वाळकी आहे. मी तिला असं काही बोलले की ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

पण उन्हाळा संपला, द्राक्षं उतरली, तरी इनोबतचा चेहरा गरगरीतच. मी विचारलं की म्हणायची, बंद झाली खाला, केव्हाच. मानेमागे मांस चढलेलं, ओठांवर लव, हाताला कुठेही टेकलं की काळंनिळं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी एक दिवस द्राक्षांची बादली उचलताना तिच्या पाठीत असं काही झालं की ती वाकलेली सरळ होईना. आम्ही तिला आत नेऊन निजवलं. मी सदरा वर करून पाहिलं, पोटावर जांभळे पट्टे ओढल्यासारखे. त्या पांढऱ्या गोळीच्याच या खुणा. मग मला काही विचारायचं उरलं नाही.

मी तशीच शराफतवर धावून गेले. "किती दिवस चारते आहेस तिला ती गोळी? कोषांसाठी?"

शराफतने जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावरची भाकर उचलली. आमच्यात भाकर हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. म्हणाली, "या अन्नाची शपथ, मी एकही दिली नाही."

तेवढ्यात गादीवरून इनोबत बोलली. "ओयींनी नाही दिली, खाला. मीच आणते दुकानातून."

हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी सांगितलं तशी तिने गोळी कमी केली होती. अर्धीवर आली तेव्हा हातपाय उचलेनात, सकाळी जाग येईना, सांधे ठणकायला लागले. त्याच आठवड्यात होलिदा येऊन शराफतला म्हणाली, सून उतरली गं तुझी. ती घाबरली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आख्ख्या गोळ्या. पिवळी तर तिने कधीच सोडून दिली होती, त्या गोळीने काही घरकाम उरकत नाही म्हणून.

मी कपाळावर हात मारला. "अगं, हाडं पोखरून निघाली तुझी. कशासाठी?"

ती छताकडे बघत होती. "पहिली इनोबत कुणाला हवी होती, खाला? तिला तर परत धाडत होते."

शराफतच्या हातात भाकर तशीच होती. खाली ठेवून ती गोठ्याकडे निघून गेली. तिला अशी निघून जाताना पाहून, खरं सांगते, मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला. एक मणका चेपला होता. त्यांनी मला झापलं, चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्या दुकानाला झापलं, मग शांत होऊन सांगायला बसले. पांढरी गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, कारण गोळीत जे असतं ते शरीर एरवी स्वतः बनवतं, आणि हिचं शरीर ते बनवायचं विसरून गेलं आहे. ती फार सावकाश उतरवायची. सोबत दुसरं औषध, ज्याचा गुण यायला तीन-चार महिने लागतील आणि रक्त तपासत राहावं लागेल. हाडांसाठी वेगळ्या गोळ्या. मधल्या काळात ती थकेल, दुखेल, रडेल, चेहरा उतरेल. आतड्याने साथ दिली नाही तर शस्त्रक्रिया.

मग ते शराफतकडे वळले. म्हणाले, घरात हिला झोपू दिलं नाही तर ही पुन्हा दुकानात जाणार.

शराफत म्हणाली, "मी तीस वर्षं थकले, मला कुणी झोप लिहून दिली नाही."

"मग तुम्हीही झोपत जा," डॉक्टर म्हणाले. शराफतला ते आवडलं नाही.

तो हिवाळा मी कसा काढला ते मला विचारा. आठवड्यातून दोनदा काहीतरी निमित्त काढून त्या घरात डोकवायचे. इनोबत येरझारा घालायची, मध्येच भिंतीला टेकून उभी राहायची. एकदा थोडं रक्त दिसलं तेव्हा ती दुकानात गेलीच. मी दुकानदारणीला आधीच दम भरला होता, तिने दिली नाही. तशी इनोबत माझ्या दारात येऊन माझ्यावर ओरडली, की तुम्ही मला जगू देणार नाही. ओरडून झाल्यावर माझ्याच ओट्यावर बसून रडली. मी तिला घरी पोचवलं.

आणि शराफत? ती रागावत नव्हती आणि जवळही घेत नव्हती. गाय दोहायची, भाकरी लावायची, तोंड मिटून. तिच्या मनात काय चाललं आहे याचा मला थांग लागेना. आबिदचा फोन आला की ती अंगणात जाऊन बोलायची. दारावरून जाताना मी दर वेळी आधी बघायचे, इनोबतची पेटी बाहेर काढलेली नाही ना.

नवरोजला बायका सुमलक खायला शराफतकडे जमल्या. गव्हाच्या कोंबांची ती खीर दर वर्षी तिच्याच कढईत शिजते. इनोबत चहा देत होती. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, किटली दोन्ही हातांनी धरलेली. पांढरी गोळी तेव्हा पावावर आली होती आणि नव्या औषधाचा गुण यायला लागला होता, पण बघणाऱ्याला ते काय दिसणार?

होलिदाने पेला घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काय गं शराफत, सून अगदीच गेली तुझी. गेल्या वर्षी कशी टुणटुणीत होती. यंदा किड्यांचं कोण बघणार?"

इनोबतचा हात थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शराफत बोलली.

"यंदा किडे आणणार नाही. आणि गेल्या वर्षी तू पाहिलीस ती गोळी होती, बाई. सून ही आहे."

होलिदाने पेला तोंडाला लावला. इनोबतने किटली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी, गादीच्या कोपऱ्यावर बसली. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, सून बसली. जरा वेळाने तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं रडते आहे. पाहिलं तर गाढ झोपली होती.

बायकांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या होत्या, कुणीतरी मोठ्याने हसलं. शराफतने वळून पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "जरा हळू बोला."