हुरड्याचं आमंत्रण

आदिनाथसरांना सुकन्या डोळ्यांत खुपायची. खोटं कशाला बोला? सर विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख, नोकरी कायमची, जुळे सोलापूर वसाहतीत बंगला. ती तासिकेवरची बाई. दरवर्षी सरांनी नाव पुढं पाठवलं तर काम, नाहीतर बसा घरी. म्हणजे जळायचं तर तिनं जळावं की! पण हितं सगळी उलटी गंगा.

थंडी पडली, ज्वारी हुरड्यात आली, की सुकन्याचं स्टेटस बघवायचं नाही. आज या पोराच्या रानात, उद्या त्या पोरीच्या. हातावर गरम हुरडा, पुढ्यात शेंगाचटणी, भोवती पोरांचा गराडा. मार्कांसाठी पोरं पाया पडतील, पण हुरड्याला कुणाला बोलवायचं ते मन बघून ठरवतात. सर याच मातीतले, त्यांना हे चांगलं ठाऊक. त्यांना कैक वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं.

"रविवारचीसुद्धा पोरांना होटगीच्या तळ्यावर नेते, गवतं ओळखायला," ते जेवताना करवादले. "एवढा जीव टाकायला हिला कोण जादा पगार देतंय?"

"पूर्वी तुम्हीबी जायचा की," बायको भाकरी वाढत म्हणाली.

सर ताटावरून उठलेच.

त्या हिवाळ्यात पुढच्या वर्षासाठी त्यांनी सुकन्याचं नाव पाठवलंच नाही. तिचा विषय स्वतःकडं घेऊन टाकला. पोटातली आग जरा निवली.

आणि त्याच आठवड्यात मल्लेश नावाचा विद्यार्थी केबिनमध्ये आला. "सर, रविवारी दुधनीला आमच्या रानात हुरड्याला यायचं." सर असले हरखले! ठेवणीतला शर्ट घालून निघाले.

मल्लेशचे वडील गुरप्पा आगटीजवळ बसून भाजलेली कणसं चोळत होते. "बर्री सर, बर्री! या, बसा. तुमचं नाव लई ऐकलंय. सुकन्याबाई म्हणत्यात, गवत हातात धरायला मला सरांनीच शिकवलं. त्यास्नी बोलवा, न्हाईतर मी येत न्हाई."

सरांनी हातातला हुरडा खाली ठेवला. म्हणजे आमंत्रणसुद्धा हिच्याच वशिल्याचं! लाज वाटायला हवी होती. राग आला.

उठताना पलीकडच्या पोरांच्या गराड्यातून सुकन्या जवळ आली. "सर, ऑफिसात म्हणतात, पुढच्या वर्षासाठी माझं नावच आलं नाही. काहीतरी चुकलं असेल. तुम्ही शब्द टाकाल ना?"

"टाकतो की. त्यात काय एवढं?" सर म्हणाले, आणि त्या क्षणी ते मनापासून म्हणाले होते. गाडीत बसून त्यांनी मोबाइलही काढला. पण पुढच्या जीपमध्ये बाईंच्या शेजारी बसायला पोरींची भांडणं लागली होती. सगळ्यांचा हसण्याचा गलका इथवर येत होता. सरांच्या गाडीत सर एकटे.

"सोमवारी बघू," म्हणत त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

सोमवार आला नि गेला. जूनपासून तो विषय सरच शिकवतात. पोरं वेळेवर येतात, गप्प लिहून घेतात, वेळेवर जातात.

यंदाही दुधनीला हुरडा झाला. सरांना ते मल्लेशच्या स्टेटसवर कळलं. आगटीभोवती सगळा वर्ग बसला होता, आणि मधोमध, हातावर हुरडा घेऊन, सुकन्याबाई.