आडोसा

अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात मी बाटल्या भरायला होते, तेव्हा तिथे एक नियम होता: बाईचं लग्न झालं की नोकरी गेली. कंपनीच्या लेखी आम्ही सगळ्या कुमारिका. त्यातल्या दोघींच्या मुली शाळेत जात होत्या.

गेटाबाहेर वर्सोव्याची एक कोळीण सुकी मासळी विकायची. सकाळी मंगळसूत्रं तिच्या हवाली करायची, ती टोपलीतल्या बोंबलांखाली बटव्यात ठेवायची आणि संध्याकाळी जिचं तिला परत. एक मणी कधी इकडचा तिकडे झाला नाही. कुणाला दिवस गेले की तिला बाटल्या सरकत येणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला बसवायचं आणि अंगाने भरलेल्या दोघी तिच्यापुढे उभ्या करायच्या. पोट झाकेनासं झालं की गावाकडे आई आजारी पडायची, आणि बाळंत होऊन बाई पुन्हा कामावर. ही सगळी व्यवस्था आमच्यातल्या थोरल्या ताईंनी बसवली होती. माझा त्यांच्यावर आईपेक्षा जास्त भरवसा.

मला पाचवा लागला आणि बातमी आली की एक जागा कायम होणार. हंगामी दोघीच होतो, मी आणि ताईंची भाची. तरी मी निर्धास्त. मूर्ख होते.

साहेब फेरीवर आला. माझ्यापुढच्या दोघींनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी नुसती मान हलवली, आणि दोघी बाजूला झाल्या. चुगली कुणीच केली नाही. केली असती तर शिव्या तरी घातल्या असत्या मी. सगळ्यांचे हात बाटल्यांवर चालूच होते, आणि साहेब माझ्या पोटाकडे बघत होता.

जेवणाच्या सुट्टीआधी मी गेटाबाहेर होते.

"आज लवकर गो?" म्हणत कोळणीने माझं मंगळसूत्र काढून दिलं.

रविवारी सगळ्या माझ्या खोलीवर हजर. नारळ, खण, पेढे. "आता लपवायचं कारण उरलं नाही ना गं," ताई हसून म्हणाल्या, "म्हटलं, ओटी तरी भरू." कायम झालेली भाचीही आली होती. तिचं लग्न ठरलं होतं.

ओटी मी भरून घेतली, चहाही केला. निघताना दारात भाचीला म्हटलं, "मंगळसूत्र कुठे ठेवायचं ते मावशी सांगतीलच. तुझ्यापुढे कोण उभं राहणार, तेही आत्ताच विचारून ठेव."

पोरीने खरंच मावशीकडे पाहिलं. ताई खाली वाकून चपला शोधत होत्या.