सरांचा सुधारलेला वळीव

आमचे भूगोलाचे सर हळू कधी बोललेच नाहीत. शेजारच्या वर्गात गणित चाललेलं असायचं आणि तिथली पोरं वहीत मान्सून उतरवायची. वळीव हा सरांचा लाडका धडा. "जमीन तापती, हवा वर चढती, समुद्राची वाफ तिला गाठती. दुपारी उगवतीला ढग, तासभर दंगा, की संपला खेळ!" म्हणत ते टेबलावर गडगडाट वाजवत. कसबा बावड्यातल्या आमच्या पिढीला दुसरं काही येवो न येवो, वळीव तोंडपाठ होता.

मे महिन्यात सर गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून खुर्ची टाकत आणि ओरडत, "कुरडया उचला!" अंदाज चुकला तरी गल्लीतल्या बायका चिडत नसत, कारण उचलायला सर स्वतः धावत यायचे.

लेकीचं लग्न त्यांनी मे महिन्यातच, उघड्या शेतात ठरवलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हॉलसाठी अडून बसल्या होत्या. सर म्हणाले, "अगं, वळीव दुपारच्या आधी येत न्हाय. तवर पंगती उठत्यात."

पाऊस सकाळीच आला. तोही मावळतीकडून, ना वीज ना गडगडाट, आषाढासारखा संथ. मांडवाचं कापड लोंबू लागलं. लेकीचं लग्न चिखलात लागणार म्हणून काकूंचे डोळे भरले, आणि सर पश्चिमेकडे बघत भिजत उभे. "हे असं व्हायलाच नको!"

"ते पावसाला सांगा की!" काकू ओरडल्या, तेव्हा कुठे ते भानावर आले. शेजारचं बंद गुऱ्हाळ उघडायला लावलं. आम्ही जुने विद्यार्थी मसालेभाताची पातेली घेऊन पळालो. गुळाच्या वासात अक्षता पडल्या, चुलवाणाच्या भट्टीशेजारी पंगती बसल्या, व्याही तर भलतेच खूश. शेवटी काकूही हसल्या.

महिन्याभरात सरांचा निरोप आला: रविवारी शाळेत या. टक्कल पडलेले आम्ही बाकांवर कसेबसे मावलो.

"तुम्हास्नी शिकवलं ते आता पुरं पडत न्हाय," सर म्हणाले. "एका लग्नावरनं म्हणत न्हाय, कैक वर्षं बघतोय. समुद्रबी तापलाय, हवेत वाफ वाढलीया. पश्चिमेचं वारं कधी लवकर घुसतं, मग वळवाच्या जागी झड लागती. कधी वळीव येतच न्हाय. जुना धडा पोरांस्नी देऊ नका."

"आणि परत बदललं तर, सर?"

"तर परत बोलवीन की!"

सर गेले. मला ते फार आठवतात. यंदा मे कोरडा गेला, तेव्हा निरोप मी धाडला. सगळे आले. खडू कोणी उचलायचा यावरून मात्र बराच वेळ भांडत बसलो.