कुंकवाचं बोट नसलेली पेटी

देवळीच्या आमच्या बँडेजच्या कारखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, कापसाच्या धुळीसारखे आपसूक अंगावर बसतात. त्यात निर्बंध लागलेल्या एका देशातल्या जळीत वॉर्डाची ऑर्डर आली आणि आमची मतीच गुंग झाली!

*

मालक भाऊंनी ऑर्डरच्या पैशांसाठी बँकेत फोन लावला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "औषधपाण्याला निर्बंधातून सूट आहे."

"मंग करा ना पैसे जमा!"

"सूट आहे हो, पण त्या देशाचं नाव दिसलं की हेड ऑफिस व्यवहार थांबवते."

"म्हंजे चालते का नाई?"

"चालते. पण होत नाही."

भाऊंनी फोन ठेवून मला विचारलं, "तुले समजलं काय बे?"

"नाई."

"मंग बरं. मले वाटलं, मीच येडा!"

*

तेव्हापासून त्या देशाचं नाव घ्यायलाच बंदी. 'मामाचं गाव' म्हणायचं! पॅकिंगवाल्या बाईनं विचारलं, "भाऊ, तुमच्या मामाच्या गावचे लोक इतके जळून काऊन राह्यले?"

भाऊ खाली बघत म्हणाले, "बॉम्ब पडून राह्यले, बाई."

*

तिथले डॉक्टर नागपुरात शिकलेले. एकदा फोनवर म्हणाले, "भैया, चादर फाड के बांध रहे हैं. बच्चे बहुत रोते हैं." त्या दिवशी डब्यातला घास कोणालाच गोड लागला नाही.

आणि बँक म्हणे, डॉक्टरांचं नाव खाती गोठवलेल्या कोणाशी तरी जुळते! भाऊ भडकले. "माह्या नावाचा माणूस नाचणगावात आहे. त्यानं बकरी चोरली तं माहं खातं बंद करान काय?"

*

शेवटी बँकेची मंजुरी आली, पहिला माल निघाला आणि बंदरावर अडला. आमच्याकडं पेटी निघताना भाऊंच्या घरच्या, म्हणजे काकू, तिच्यावर कुंकवाचं बोट ओढतात. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, "हे लाल केमिकल कसलं?" कुंकवाचा टेस्ट रिपोर्ट मागितला हो!

कसाबसा माल सुटला. भाऊंनी काकूंना बजावलं, "पुढच्या खेपेले कुंकू नको."

"कोरी पेटी धाडू? मले नाई पटत," म्हणत काकूंनी करंडा मिटला.

*

दुसरा माल बिनबोभाट पोचला. डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. मागं पेट्या बंदच, आणि पुढं एक सिस्टर हाताची घडी घालून उभी.

"भैया, इस बार लाल निशान नहीं है. सिस्टर बोलती है, माल नकली है, बच्चों को नहीं लगाने दूंगी!"

सूट होती, मंजुरी होती, सगळं होतं!

शेजारी उभ्या काकूंनी करंड्यात बोट बुडवलं आणि मोबाइलच्या काचेवर, पेटी दिसत होती तिथंच, कुंकू ओढलं.

"सांग तिले," त्या मला म्हणाल्या, "आता उघड म्हणा."

तिकडं काकूंचं लाल बोट बघून सिस्टरनं कात्री मागितली.