प्रश्न चौदाचं उत्तर

सौ. हौसाबाई, मु. पो. कट्टा, ता. मालवण. वय अंदाजे शहात्तर. वैवाहिक स्थिती: विवाहित. पतीचा हल्लीचा पत्ता: कळलेला नाही. रहिवास: अखंड, एकाच खाटेवर.

नवरा १९७३ साली देवगडहून आंब्याच्या गलबतावर मुंबईला निघाला. गलबत पोचलं नाही. हौसाबाईंनी त्याची पत्रिका एका ज्योतिष मासिकाकडे पाठवली. प्रश्न चौदाखाली उत्तर छापून आलं: ‘निश्चित परत येईल. उत्तरेकडून. तोवर जागा हलवू नये.’ खाट उत्तरेच्या दारासमोर होती, ती तिथेच राहिली. हौसाबाईही.

पितृपक्षात गावभर म्हाळ होत, वाडवडलांची पानं वाढली जात. या घरात बापाचं पान वाढायची सोय नव्हती. “जित्या माणसाचो म्हाळ घालतंस, बाबल्या?” आईच्या या प्रश्नापुढे मुलगा बाबली पन्नाशी ओलांडून गेला. यंदा त्याच्या छातीत कळ आली, तेव्हापासून एकच घोर: आपण गेलो तर बापाला पान कोण वाढणार?

एवढ्यात उत्तराचं जुनं कात्रण वाचता येईनासं झालं आणि म्हातारीने नवं मागितलं. बाबलीच्या मुलाने, ओमकारने, पुण्याहून लिंक पाठवली; मासिकाचे सगळे अंक कुणीतरी स्कॅन करून ठेवले होते. बाबली मोबाईलवर बोट सरकवत गेला, तो एक अंक पुढेच पोचला. मनासारखं उत्तर मिळाल्यावर हा अंक घरात कुणी आणलाच नव्हता. त्यात केशतेलाच्या जाहिरातीखाली होतं: ‘गतांकात प्रश्न चौदा व पंधरा यांची उत्तरे परस्पर बदलली गेली. वाचकांनी दुरुस्त करून घ्यावे.’

पंधरावा प्रश्न सांगलीच्या एका गृहस्थांच्या हरवलेल्या म्हशीचा होता. त्यांना कळवलं होतं: ‘जलघात. आशा धरू नये.’

बाबलीचा ज्योतिषावर काडीचा विश्वास नव्हता. शुद्धिपत्रावर मात्र ताबडतोब बसला. तरी सर्वपित्री तोंडावर येईपर्यंत त्याची जीभ उचलेना.

“आये, तां उत्तर तुझा न्हय. म्हशीचा. छापणाऱ्यान घोळ घातल्यान.”

“मगे माझा खंयचा?”

त्याने वाचून दाखवलं.

“ती म्हस गावली रे?”

“तां काय छापूक नाय.”

“छापतले कशाक! लाज नाय मेल्यांका.” मग म्हातारी पदर खोचत म्हणाली, “बघतस काय? खाट धर.”

खाट भिंतीला लागली. सर्वपित्रीला घरामागच्या परड्यात केळीच्या पानावर वडे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ वाढली गेली.

हौसाबाई पंचविसाव्या वर्षीच विधवा झाल्या होत्या.