पहिलंच अक्षर प

आमच्या घरात बोलणाऱ्यांची कमी नाही. मी तर तोंडाळ म्हणून हट्टा गावच्या बाजारापर्यंत नावाजलेली. पण घरात खऱ्या अर्थानं बोलायला शिकली ती एकटी माझी धाकटी बहीण. ते आठवलं की मी अजूनही गप्प होते, माझ्या नवऱ्याला विचारा.

धाकटीची जीभ लहानपणापासून अडायची. सगळ्यात जास्त 'प'वर. पोरगं म्हणायचं असलं की ती लेकरू म्हणायची, पोळीला चपाती म्हणायची, अशी वाट काढायची. पण तिचं स्वतःचं नावच 'प'पासून सुरू होतं, आणि नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा? कोणी नाव विचारलं की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मग आई, बाबा, मी, जो जवळ असेल तो तिचं नाव सांगून मोकळा. आम्हाला ती माया वाटायची.

बी.ए. झाल्यावर तिला बघायला पाहुणे येऊ लागले. पहिला प्रश्न ठरलेला, नाव काय? दोनदा बाबांनीच उत्तर दिलं आणि दोन्ही वेळा मागून फोनवर विचारणा झाली, "पोरगी मुकी हाय काय?" त्या दुसऱ्या फोननंतर धाकटी आम्हाला म्हणाली, "आता माझं नाव मी सांगीन. तुमी मधी बोलायचं न्हाई."

आणि काय सांगू, तिनं नाव सांगण्याचा धंदाच मांडला. दळण घेऊन गिरणीत जायची. डबा कोणाचा, असं गिरणीवाल्यानं विचारलं की आम्ही आजवर बाबांचं नाव सांगत आलो. ही स्वतःचं सांगायची. गिरणीच्या घरघरीत अडखळलेलं कोणाला कळायचं नाही. तिथं जमलं तशी ती शांत जागा शोधायला लागली. वसमतच्या सरकारी दवाखान्यात काही दुखत नसताना केस पेपरच्या रांगेत उभी राहायची. मागच्या बाया वैतागायच्या, "अगं सांग की पटकन," म्हणून ढोसायच्या. ही ओठ मिटून, खिडकीतल्या माणसाकडं बघत उभी. नाव सांगितल्याशिवाय हलायची नाही. एकदा मी सोबत होते. तिचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, मी पदर तोंडात धरला. बाई गं, एवढी हिंमत माझ्यात आजही नाही.

तिसरे पाहुणे आखाडा बाळापूरकडचे होते. मुलाच्या मामांनी विचारलं, "नाव सांग बाई." तिचे ओठ मिटले. बैठकीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. बाबा सांगायला पुढं सरकले, पण धाकटीकडं बघून परत मागं टेकले. धाकटीनं मान खाली घातली नाही. ती थांबली आणि तिनं आम्हा सगळ्यांना थांबायला लावलं. मग अडखळत अडखळत नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, आडनाव, गाव, शिक्षण, सगळं बराबर सांगितलं. कुठं घाई नाही, कुठं लाज नाही. मी दाराआड पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते, पोहे तसेच निवून गेले. तेवढ्यावर थांबेल तर ती कसली? मुलाकडं वळून म्हणाली, "तुमचं नाव?"

मामा लगेच सांगायला लागले.

"त्यांना सांगू द्या की," धाकटी म्हणाली.

मुलानं लाजत लाजत सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा फोन आला. बाबांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आईनं घाबरत विचारलं, "काय म्हणले?"

"न्हाई म्हणले."

"काहून?"

"म्हणले, पोरगी लई बोलते."

एवढं बोलून बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग चपला घालून ते बाहेर पडले, आणि भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले की आमच्या पोरीला पाहुण्यांनी नकार दिला, ती लई बोलते म्हणून.