ग्लू वाळेपर्यंत

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी इंदूरबाहेर राऊ गावाच्या पुढच्या माळावर घडीच्या खुर्चीत बसून मुकुंदभियाच्या नावानं बोटं मोडत होतो. रविवारची सकाळ, वारा पडलेला. रिमोटवरची विमानं उडवायला याहून चांगली हवा मागूनही मिळत नाही, आणि हा गृहस्थ बेपत्ता. एक तर याच्या वेळेला कधी भरवसा नाही, त्यात फोनही बायकोला करायला लावतो, अशा तयारीनंच मी फोन उचलला.

"भावजी, हे बोलूनच नाही राहिले," वहिनी म्हणाल्या.

मी चक्क हसलो. म्हटलं, "मग काहीतरी चिकटवत असेल. वाळलं की बोलेल."

पलीकडून मग अगदी हळू, "नाही भावजी... हात थंड पडलेत."

महिना उलटून गेला. तेरावा झाला, पाहुणे गेले, मी कामावर जातो, जेवतो, गाडी चालवतो. आणि मधेच सिग्नलला उभा असताना माझंच हसणं मला ऐकू येतं. अजून पटत नाही. शनिवारी रात्री ज्यानं "सांगलीकर, उद्या बॅटरी चार्ज करून आणा, पिछली बारी जैसा नका करू" म्हणून बजावलं, तो माणूस रविवारी सकाळी नसतो, हे कुणी कितीही समजावलं तरी माझ्या डोक्यात शिरत नाही.

मुकुंदची ओळख त्याच माळावर झाली. मी नोकरीसाठी सांगलीहून इंदूरला आलेला कारखान्यातला इंजिनिअर, तो पिढ्यान् पिढ्या छत्रीबागेत राहिलेला. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे. "आमच्याकडे तलवार होती, ती कोणीतरी भंगारात देऊन टाकली. अब हम विमान उडाते हैं," असं तो सांगायचा. भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. आठवडाभर शे-दीडशे पोरांसमोर घसा फोडून घरी आला की त्याला बोलणं नको असायचं. त्याला हवं असायचं ते एक टेबल, खिडकी आणि कॅनोपी.

कॅनोपी म्हणजे विमानात वैमानिकाच्या डोक्यावर असतं ते पारदर्शक झाकण. किटबरोबर तयार मिळतं. आम्ही बाकीचे ते कापायचो, बसवायचो आणि मोकळे व्हायचो. मुकुंदला खोक्यातली कॅनोपी कधीच पसंत पडली नाही. तो तिच्यावर चौकटी रंगवायचा, आत डॅशबोर्ड करायचा, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी घड्याळं काढायचा, सीटला पट्टे लावायचा. मी चिडायचो. "भिया, वर गेल्यावर कुणाला दिसणार आहे हे?" तो भिंग खाली ठेवून माझ्याकडे दयेनं बघायचा. "जो आत बसलाय त्याला दिसेल ना!"

आणि आत खरंच कुणीतरी बसलेलं असायचं. रिकामं विमान उडवायचं नाही, हा त्याचा नियम. बोटाच्या पेराएवढा वैमानिक तो स्वतः कोरायचा. मी एकदा लँडिंग करताना त्याचं लाडकं विमान बाभळीत घातलं, तेव्हा त्यानं जाहीर केलं की सांगलीकरांना यापुढे चालवायला नाही, नुसतं बसायला मिळेल. मला वाटलं, गंमत. पण गेल्या दिवाळीनंतर त्यानं एका सीटचं किट आणलं आणि ते दोन सीटचं करायला घेतलं. पुढं तो स्वतः, विरळ केसांसकट. मागं मी. चष्मा, मिशी, आणि पोटही. पोट त्यानं जरा जास्तच दिलं होतं, त्यावरून आमचं भांडणही झालं.

दोन सीटची कॅनोपी काही बाजारात मिळेना. म्हणून त्यानं किटमधली मधोमध कापली आणि दोन तुकड्यांच्या मध्ये बसवायला लाकडी साच्यावर प्लास्टिक गरम करून नवी पट्टी काढली. दोन सांधे. झटपट चिकटणारा ग्लू इथं चालत नाही, त्याच्या वाफेनं प्लास्टिक धुरकट होतं. म्हणून दुधासारखा पांढरा ग्लू, जो सावकाश वाळतो आणि वाळला की दिसेनासा होतो. तोवर सांधा धरून ठेवायचा. ती पट्टी सारखी पसरायला बघते, जरा पकड सैल झाली की फट पडते. माझ्या हातून अशी फट कितीदा पडलीय. मी म्हणायचो, "अरे, चिकटपट्टी लाव की!" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "चिकटपट्टीला कळतं का, किती दाबायचं ते?" मग तो दाराकडे पाठ करून, दोन्ही हातांत कॅनोपी धरून बसून राहायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही.

त्याच्या अशा चिकटवण्यावरून त्या घरात एक जुना रिवाज पडला होता. खोलीत शिरण्याआधी दारातूनच विचारायचं, "बोलू का?" हात मोकळे असतील तर तो "बोला" म्हणायचा. उत्तर आलं नाही, म्हणजे थांबायचं. दूधवाला थांबला, शेजारी थांबले, एकदा त्याचे सासरे चांगले ताटकळत उभे राहिले. वहिनी तर लग्नापासून थांबत आल्या.

त्या रविवारीही त्या थांबल्या. हे त्यांनी मला तेराव्यानंतर सांगितलं, सगळे गेल्यावर, त्याच खोलीच्या दारात. सकाळी उठून तो टेबलापाशी गेला होता. आतून ओरडला, "सुनंदा, चहा ठेव. मी शेवटचा जॉइंट लावून राहिलोय." त्यांनी चहा ठेवला, कप घेऊन दारात आल्या, "बोलू का?" विचारलं. उत्तर नाही. पाठ दिसत होती, दोन्ही कोपर टेबलावर, नेहमीसारखी. कप स्टुलावर ठेवून त्या आंघोळीला गेल्या, देवपूजा केली. परत आल्या तेव्हा चहावर साय धरली होती आणि पाठ तशीच होती.

"डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असेल, काही करता आलं नसतं. ते ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "पण भावजी, मला एक सांगा. मी पहिल्यांदा आले तेव्हा हे... होते ना? की मी अशीच विचारून, अशीच निघून गेले? मतलब, माणूस गेलेला, आणि मी चहा ठेवून आंघोळीला..."

मीसुद्धा फोनवर हसलोच होतो की. ज्या माणसाच्या गप्प बसण्याची आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं थट्टा केली, त्याच्या शेवटच्या गप्प बसण्यालाही आम्ही तीच थट्टा समजलो. हे मला भयंकर वाटलं, अजूनही वाटतं.

कॅनोपी टेबलावर होती. कुणीतरी त्याच्या हातातून काढून ठेवली होती. खोटा धीर देणं मला जमत नाही, म्हणून मी ती उचलली आणि खिडकीपाशी नेली. त्या सांध्यात फट निघाली असती तर वहिनींना मी काय सांगणार होतो?

जुना सांधा पाहिला, मग नवा. उजेडात तिरका धरला. अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पुन्हा फिरवलं. नख कुठंही अडकलं नाही. ग्लू कुठला नि प्लास्टिक कुठलं, तेसुद्धा दिसत नव्हतं. आणि तिच्यातून पलीकडे, टेबलावरच्या विमानात सीटवर पट्टा बांधलेले, तो आणि मी.

"वहिनी," मी म्हटलं, "ग्लू लावताना त्यानं तुम्हाला हाक मारली. हा ग्लू चहा होईस्तोवर धरत नाही, त्याला बराच वेळ लागतो. तोवर हात जरा जरी सैल पडला असता तर इथं फट राहिली असती. नाहीये. बघा, नख लावून बघा. तुम्ही कप घेऊन आलात तेव्हा तो धरून बसला होता. सांधा पक्का झाल्यावर गेला तो."

वहिनींनी नख फिरवलं. हळूच, त्याच्यासारखंच. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"मतलब, तेव्हा हे मला थांबायलाच सांगून राहिले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

विमान अजून उडवलेलं नाही. वहिनी म्हणतात उडवा, माझी हिंमत होत नाही. पण रविवारी माळावर न जाता मी छत्रीबागेत जातो. परवाही गेलो. खोली आवरलेली, खुर्ची खिडकीकडे तोंड करून, टेबलावर ते दोन सीटचं विमान आणि त्यावर बसवलेली कॅनोपी. मी दारात पोचलो आणि तोंडातून निघून गेलं, "बोलू का?"

मागं कपबशीचा आवाज झाला. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर रडतील. त्यांनी फक्त आत पाहिलं.

उत्तर आलं नाही. म्हणून आम्ही दोघंही थांबलो.